सयाजी शिंपी कात्री लावत नाही

सयाजी शिंप्याच्या डोक्यात एकदा का विचार शिरला, की तो एकटा राहायचा नाही. फुकट जेवायला आलेल्या पाहुण्यासारखा ऐसपैस बसायचा आणि मागून सगळी भावकी बोलावून घ्यायचा. मग सयाजीला भूक नाही, झोप नाही, आणि हातातलं काम तर नाहीच नाही. बरं, माणूस आळशी म्हणावा तर तेही नव्हे. भल्या पहाटे उठून बसायचा. उठून करायचा काय, तर विचार!

पिंपरी कॅम्पातल्या एका कापडदुकानाच्या ओट्यावर त्याचं बस्तान होतं. एक लांब फळी, एक शिवणयंत्र, वर पत्रा. फळीवर खाकी ड्रिलचे तागे येऊन पडले त्याला आठवडा उलटला होता, आणि सयाजीनं अजून त्यांना कात्री लावली नव्हती. दुकानाचे शेठ येता-जाता ताग्यांवरची धूळ झटकायचे आणि काही न बोलता आत जायचे. त्यांचं ते न बोलणंसुद्धा सयाजीच्या डोक्यात जाऊन बसायचं.

काम काही ऐरंगैरं नव्हतं. रुळांच्या पलीकडं नवा कारखाना उभा राहत होता. तिथल्या कामगारांच्या आणि पहारेकऱ्यांच्या विजारी शिवायच्या होत्या, आणि त्या सोमवारी पोचायलाच हव्या होत्या. हे काम आणलं अर्जुनरावांनी. अर्जुनराव म्हणजे पिंपरी गावातले जुने शेतकरी. त्यांची जमीन कारखान्यात गेली आणि मागोमाग तेही स्टोअरकीपर होऊन कारखान्यात गेले. शिंपी आपल्या ओळखीचा, म्हणून त्यांनी सयाजीला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती.

"सयाजी, नमुन्याची एक इजार लवकर आणून दाव. सायबाला पसंत पडली तर कंपनी कायमचा शिंपी ठिवणार हाय. पगार तर हायेच, पर वर एक खोली देणार. पक्क्या भिताडांची, कौलाची."

खोली म्हटल्यावर सयाजीचा जीव वरखाली झाला. कारण त्याची बायको सुभद्रा तीन वर्षं चाकणला होती. चाकणला त्याचे थोरले भाऊ सोपानराव पेठेत शिवणकाम करायचे. त्या दुकानात दोघा भावांचं भागेना, म्हणून सयाजी एक कात्री आणि एक वळकटी घेऊन पिंपरीला आला. बायकोला मागं ठेवलं, दोन-चार महिन्यांपुरतं. आता दोन-चार महिने म्हणजे तीन वर्षं कशी होतात, ते सयाजीलाच विचारावं. पहिल्यांदा त्याला वाटलं, पावसाळा जाऊ दे, राहत्या खोपटाचा पत्रा गळतो. मग वाटलं, नळावर बायकांची एवढी भांडणं होतात, ती गरीब, तिचा निभाव कसा लागणार? मग वाटलं, आपण दिवसभर ओट्यावर, ती परक्या वस्तीत एकटी. मग वाटलं, आपण तिला आणली तर वहिनी म्हणणार, आता घरकामाला मी एकटीच का? आणि धंदा बुडाला आणि दोघं परत गेलो, तर चाकणात तोंड कुठं दाखवायचं?

बाजाराच्या दिवशी तो जायचा चाकणला. पण थोरल्या भावासमोर बायकोशी बोलायचं कसं? रिवाज नव्हता. ती पदर ओढून ताट वाढून जायची, हा खाली मान घालून जेवायचा, आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत. एक पक्की खोली मिळाली की सगळ्या अडचणींची एका दमात वासलात लागेल, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. ती खोली आता या खाकी ताग्यांत गुंडाळलेली होती. एक विजार कापायची, शिवायची, साहेबाला दाखवायची. बस्स.

बस्स काय बस्स! सयाजीला ड्रिल धुतल्यावर आटतं हे ठाऊक होतं. किती आटतं? त्यानं एक तुकडा भिजवला, वाळवला, मोजला. मग वाटलं, पाणी गार होतं. परीट तर भट्टी लावतो. पुन्हा गरम पाण्यात. मग वाटलं, इस्त्रीनं ताणलं असेल. परत भिजवला. त्या बिचाऱ्या तुकड्याची पार लक्तरं झाली. पुढं प्रश्न पडला, सगळा तागा भिजवून कापावा की कापताना वाव ठेवावा? वाव ठेवला आणि आटलंच नाही तर? विजार ढगळ होईल, साहेब म्हणेल, हा पायजमा कुणी आणला? खडूनं रेघ मारायची, दोन पावलं मागं जाऊन बघायची, झटकून पुसायची. पुन्हा रेघ. मंगळवारी नवं कापड कापू नये म्हणून मंगळवार गेला. बुधवारी अमावास्या निघाली.

"आणि आज?" उद्धवरावानं विचारलं.

उद्धवराव हा मशीनवरचा कारागीर. मूळ बीडकडचा, तोंडाचा फाटका, पण पायडलवर पाय पडला की टीप सरळ रेघेत पडायची. सयाजीनं कापावं आणि यानं शिवावं अशी वाटणी. आठवडाभर तो रिकाम्या मशीनसमोर बसून कॅम्पातली माणसं मोजत होता.

"आज गुरुवार. आज कापणार," सयाजी म्हणाला आणि टेप घेऊन पुन्हा तागा मोजायला लागला.

"कामून मोजायलास पुन्हा? रात्रीत वाढला का तागा?"

"उद्धवराव, एकदा कात्री लावली की संपलं बघा. मागं फिरता येत न्हाई."

"आणि न लावल्यावर फिरता येतंय काय? सोमवार काय तुझ्या बापाचा नोकर हाय, थांबायला?"

दुपारी अर्जुनराव सायकलवरून उतरले, फळीकडं बघितलं, आणि तिथंच कपाळाला हात लावला. "आरं, नमुना? साहेब दोनदा इचारून गेला. मी काय सांगू, शिंप्याचं ध्यान चाललंय म्हणून?"

"उद्या सकाळी आणतो. देवाशप्पथ."

"तू देवाला मधी घालू नगं. त्यो काय इजार शिवणार हाय?" असं म्हणून अर्जुनराव गेले.

सयाजीला खोली डोळ्यांसमोरून सरकताना दिसत होती. ती दिसत होती म्हणून तो आणखी एकदा मापं घेत होता, आणि मापं घेण्यात कात्री तशीच राहत होती. हे सगळं एका विजारीवर ठरणार, म्हणजे ती विजार कशी हवी? पुण्याच्या मोठ्या दुकानातल्यासारखी. मग शिवण दुहेरी घ्यावी का? खिसा तिरका की सरळ? पहारेकऱ्याला सरळ बरा, पण कामगाराला? तो ओट्यावरून उठला, पिंपरी स्टेशनापर्यंत गेला, एक गाडी गेलेली बघितली, परत आला. पाणी प्याला. पुन्हा उठला. शुक्रवारची सकाळ झाली तरी नमुना नव्हता.

शुक्रवारी उद्धवराव आला तो डबा घेऊनच उभा राहिला. बसला नाही.

"सयाजी, मी चाललो. भवानी पेठेत एकाचं बोलावणं हाय. तू चांगला माणूस हाईस, पण तुझ्यापाशी बसून माझे पाय गंजायलेत."

"आवं, असं काय करता? आता ऐन टायमाला?"

"ऐन टाइम तूच आणलास. मी का आणला?"

सयाजीनं त्याचा हातच धरला. त्या धिप्पाड माणसाच्या डोळ्यांत पाणी बघून उद्धवरावाला राग यावा का दया, ते कळेना. तो शिव्या घालत मशीनवर बसला. मग उठला, सयाजीच्या गळ्यातला टेप ओढून काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला.

"हे बघ. आता माझं ऐकायचं. मापं खडूनं फळीवर लिहिलीस ना? एकदा आखायचं. पुसायचं फडकं मी खाली टाकलं. एक विजार काप आणि मला दे. मी शिवतो. माझी शिवून व्हायच्या आत दुसरी कापलेली पाहिजे. मशीन रिकामं फिरलं तर मी उठलो, समजलास? विचार करायचा तर कर ना बाबा, पोटभर कर! पण कात्री चालू ठेवून कर."

"आन् चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं! तुझ्या चुकीवर काय कारखान्याची चिमणी पडणार हाय?"

सयाजीनं कात्री कपाळाला लावली. डोळे मिटले. उद्धवरावानं मशीनचं रिकामं चाक फिरवलं, खडखड खडखड. त्या आवाजासरशी कात्री कापडात गेली.

पहिले तुकडे निघाले तेव्हा तो थांबून बघणार होता, बरे आहेत का. बघायला वेळच कुठं? उद्धवरावानं ते खेचून घेतले आणि मशीन धडधडायला लागलं. टीप पुढं पळत होती. सयाजी दुसरी आखायला लागला. डोक्यात भावकी होतीच. वाव जास्त झाला का, मागून बैठकीत आवळ झालं का, साहेब काय म्हणेल, सुभद्रा काय म्हणेल. पण हात त्यांना जाब द्यायला थांबत नव्हता. थांबला की कानाशी रिकामं चाक खडखडायचं आणि उद्धवराव ओरडायचा, "ए, पाय उठायलेत माझे!" मग पुन्हा कात्री. नमुना कारखान्यात पोचवायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. भाकरी सयाजीनं उभ्या उभ्या खाल्ली. संध्याकाळी फळीखाली खाकी विजारींचा ढीग बघून शेठनी भुवया वर केल्या आणि दोन कप चहा सांगितला.

शनिवारी सयाजीला चेव आला. एकेक कशाला कापायची? त्यानं एकाच मापाचे बरेच लांब तुकडे कापून एकावर एक रचले, त्यावर पायाच्या मापाचा कागदी नमुना ठेवून रेघ मारली, आणि सगळे थर मिळून एकदम कापले. कात्रीच्या मुठीनं अंगठा सोलला, पण गडी खूश. एका दमात अर्धा ढीग! तुकडे मशीनकडं सरकवले आणि तो घाम पुसत बसला.

मशीन थांबलं.

उद्धवरावानं दोन पुढले तुकडे समोरासमोर धरले, फिरवले, पुन्हा धरले. मग तिसरा उचलला, चौथा उचलला. आणि एकदम खो खो हसत सुटला.

"सयाजी, अरे लेका, हे सगळे उजवेच पाय की!"

सयाजीनं तुकडे हिसकावून घेऊन बघितले. ड्रिलला एका अंगाला तिरपी रेघ असते, दुसरं अंग सपाट. थर रचताना एक सुलटा, एक उलटा, असे तोंडाला तोंड लावून रचले की उजवा-डावा जोड आपोआप निघतो. शिंप्याच्या पोराला हे चालता येत नाही तेव्हापासून ठाऊक असतं. यानं सगळे थर सुलटे ठेवले होते. शिवायचं तर एक तरी पाय उलट्या अंगाचा होणार. आख्ख्या तालुक्यातला एकही शिंपी करणार नाही अशी चूक, आणि तीही एका विजारीची नाही, अर्ध्या ढिगाची!

तो मटकन खाली बसला. "संपलं. माझं संपलं बघा. म्हनून मी कात्री लावत नव्हतो. सांगत होतो मी तुमाला. आता कापड कुठनं भरून देऊ? कंपनी काय म्हणंल? नोकरी गेली, खोली गेली..."

"झालं? सगळं गेलं?" उद्धवराव डोळे पुसत म्हणाला. "आता मला सांग, तागा किती उरलाय?"

"हाय की. निम्मा हाय."

"मग आता डावे काप ना गाढवा!"

सयाजीनं कागदी नमुना उचलला. नमुना उलटा ठेवायचा. उरलेल्या कापडातून तेवढेच डावे काढायचे. एका तसूचंही नुकसान नाही. ज्या चुकीच्या भीतीनं त्यानं आठवडा जाळला होता, ती चूक झाली होती, आणि ती निस्तरायला जेवणाच्या सुट्टीइतकाही वेळ लागणार नव्हता. त्याला आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच असा संताप आला की त्यानं कात्री उचलली ती रविवारी दिवेलागणीलाच खाली ठेवली.

सोमवारी सकाळी भाड्याच्या सायकलीला गठ्ठे बांधून सयाजी कारखान्याच्या फाटकावर हजर. अर्जुनरावांनी स्टोअरमध्ये विजारी उलगडून बघितल्या, शिवण ताणून बघितली, एक तर स्वतःच्या धोतरावरून कंबरेला लावून बघितली.

"काम झ्याक केलंस," ते म्हणाले. "हितनं फुडंबी तुलाच काम दीन. पर..." त्यांनी नजर चुकवली. "खोलीचं न्हाई जमलं बग. साहेबानं शुक्रवारी दुपारी पुण्याचा एक माणूस घेतला. त्यो दोन नमुने घिऊन आलता. मी म्हनलं, आमचा बी शिंपी हाय. साहेब म्हनला, कुठं हाय? आता मी काय दावू?"

शुक्रवारी दुपारी! म्हणजे इकडं मशीन धडधडत होतं तेव्हा. गुरुवारी संध्याकाळी एक, फक्त एक विजार दिली असती तर!

"चुकलं माजं," सयाजी म्हणाला आणि सायकल घेऊन बाहेर पडला. सायकल त्यानं भाड्यावाल्याच्या दारात लावली. ओट्यावर जायला पाय उचलेना. तिथं जाऊन बसलं की काय होणार ते त्याला नीट ठाऊक होतं. भावकी येऊन बसणार. पुढच्या वेळी काय करावं, दुसऱ्या कंपनीत बघावं का, दिवाळीपर्यंत थांबावं का. दिवाळीनंतर संक्रांत. संक्रांतीनंतर पावसाळा. तो भोसरीच्या रस्त्याला लागला, पळाल्यासारखा चालत. भोसरीला चाकणकडं जाणारी एस.टी. उभी होती, त्यात चढून बसला.

बसल्यावर विचारांनी गाठलंच. आज बाजार नाही, भाऊ म्हणेल, मधेच का आलास? वहिनी काय म्हणेल? खोली नाही, आणि तिला ठेवणार कुठं? पत्र्याखाली? मोशीला गाडी थांबली तेव्हा तो उठून दारापर्यंत गेला होता. कंडक्टर म्हणाला, "उतरायचं का?" सयाजी तसाच मागं फिरला आणि परत जागेवर जाऊन बसला. समोरच्या बाकाची दांडी त्यानं चाकण येईपर्यंत सोडली नाही.

सोपानराव दुकानात कापत होते. आतल्या उंबऱ्याशी सुभद्रा काजं करत बसली होती. दिराच्या दुकानाची सगळी काजं तीच करायची. नवऱ्याला बघून तिनं पदर ओढला आणि आत जायला उठली.

"आज कसा आलास रं?" सोपानरावांनी विचारलं.

सयाजीनं भावाकडं बघितलंच नाही. थोरल्या भावासमोर, भर दिवसा, दुकानात गिऱ्हाईक असताना तो मोठ्यांदा म्हणाला, "सुभद्रे, चल. तुला न्यायला आलोय."

गिऱ्हाइकानं पान तोंडात घालायचं थांबवलं. सोपानरावांची कात्री अर्ध्यात राहिली. "आरं, काय लाजलज्जा हाय का न्हाई? जेव, बस, मग बघू..."

"बसलो तर मी जायचो न्हाई, दादा," सयाजी म्हणाला. सोपानरावांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि अर्ध्यात राहिलेली कात्री पुढं चालवली.

सुभद्रा गाठोडं घेऊन बाहेर आली. जावेच्या पाया पडली, दिराला लांबूनच नमस्कार केला, आणि नवऱ्याच्या मागं चार पावलं अंतर ठेवून चालू लागली. एस.टी.च्या थांब्याजवळ चिंचेखाली कुणी नव्हतं. तिथं सयाजीला राहवेना.

"हे बघ, तुला खोटं सांगत न्हाई. खोली मिळाली न्हाई. नोकरीबी गेली हातची. पत्र्याखाली ऱ्हावं लागंल. नळावर भांडणं हायेत. मी दिसभर कामावर. तीन वर्सं मी खोलीसाठीच थांबलो होतो. पक्की खोली मिळाली की तुला न्यायची, असं धरलं होतं. तुजे हाल नकोत म्हनून."

सुभद्रानं गाठोडं खाली ठेवलं. पदर मागं सरकवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"खोलीसाठी थांबला होता?"

"व्हय."

"आवं, मला वाटलं, मी नको झाले तुमाला." ती म्हणाली, "सगळं चाकण म्हनत हुतं, त्यानं तिकडं कॅम्पात दुसरी ठिवलीय. जाऊबाई म्हनायच्या, आता इथंच काजं करत दिस काढ. मी तीन वर्सं तुमाला ताट वाढून तुमच्या तोंडाकडं बघत हुते. तुमी एकदा बी मान वर केली न्हाई."

सयाजीनं नळाचा विचार केला होता, पत्र्याचा केला होता, वहिनीच्या रुसव्याचा, भावाच्या अब्रूचा, धंद्याच्या दिवाळ्याचा, सगळ्याचा केला होता. हे मात्र त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तो रस्त्यातच ढसाढसा रडायला लागला.

एस.टी. आली. सुभद्रानं डोळे पुसले, गाठोडं काखेत मारलं आणि पायरीवर चढून मागं वळली. तो अजून चिंचेखालीच उभा होता.

"आता काय झालं?" ती म्हणाली. "चढा की वर!"